विहिरीचं जेवण कोण जेवलं?

हमीदभाई,

तुम्ही हृदयविकाराच्या झटक्याने गेलात. हे वाक्य आधीच लिहून टाकते, कारण महागावात ते कोणी पूर्ण ऐकून घेत नाही. पानठेल्यावर, कोर्टाच्या पायऱ्यांवर, जिनिंगसमोरच्या कापसाच्या गाड्यांच्या रांगेत सगळीकडे एकच प्रश्न, तोही आवाज खाली करून: "खरंच अटॅक होता का?" बातमी कळताच मी दवाखान्यात गेले, डॉक्टरांसमोर उभी होते. तुमच्या वडिलांचंही असंच झालं होतं, आणि तुमच्या तंबाखूच्या खर्ऱ्यावरून मी तुमच्याशी किती भांडले ते तुम्हाला ठाऊक आहे. तरी खरं सांगते, तुमच्या मेव्हण्याने फोनवर "भाईजान गेले" म्हटलं तेव्हा माझ्याही मनात पहिला प्रश्न तोच आला. तुम्हाला कोणी मारलं नाही. ज्यांना तुम्ही नको होतात त्यांना काही करावंच लागलं नाही, आणि गावाची भीती मात्र त्यांना फुकटात मिळाली.

मी घाबरले आहे. तुम्ही असताना हे कधी कबूल केलं नाही. तुम्हाला वाटायचं, वकीलबाईंचा स्वभावच कडू. स्वभाव कडू आहेच, पण त्यातलं निम्मं भीतीपोटी होतं. तुमच्यावर ओरडलं की जरा बरं वाटायचं. आता ओरडायला समोर कोणी नाही, त्यामुळे नुसती भीतीच उरली आहे. स्कूटी काढण्याआधी मी ब्रेक दाबून बघते. कोर्टासमोर ओळख नसलेली मोटारसायकल उभी दिसली की तिचा नंबर वाचते आणि घाईत विसरून जाते. घरी यांनी विचारलं, "काय झालं तुला?" मी म्हटलं, ऊन लागलं असेल.

आपली ओळख झाली तीही वादातूनच. बसस्टँडजवळ तुमचं मोबाईल दुरुस्तीचं आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान. बी.एस्सी. झालेला, स्पर्धा परीक्षा देऊन देऊन कंटाळलेला माणूस, गिऱ्हाईक नसलं की सरकारी संकेतस्थळं वाचत बसायचा. लोक सिनेमे बघतात, तुम्ही योजनांची पानं बघायचात. एक दिवस काउंटरवरून हाक मारलीत, "वकीलबाई, सरकारच्या साइटवरचा फोटो पुरावा होते का?" मी म्हटलं, कशाचा फोटो ते आधी सांगा. तुम्ही स्क्रीन माझ्याकडे वळवलीत.

बोंडअळीचं वर्ष होतं. बोंडं फोडावीत तर आत कापसाऐवजी अळी. कोरडवाहू रानात विहीर असती तर निदान हरभरा तरी घरात आला असता, असं ज्याला त्याला वाटत होतं. सरकारी विहिरींची योजना होती. काम झालं की अधिकाऱ्याने जागेवर जाऊन मोबाईलने फोटो काढायचा, फोटोसोबत जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जायचे, आणि तो फोटो कोणालाही घरबसल्या बघता यायचा. चोरी होऊ नये म्हणूनच केलेली सोय. पैनगंगेकडच्या एका गावातल्या विहिरींचे फोटो तुम्ही एकामागून एक दाखवलेत. गावाचं नाव मी इथेही लिहीत नाही, बघा किती घाबरले आहे. शेतकऱ्यांची नावं वेगळी, गट नंबर वेगळे, आणि प्रत्येक विहिरीमागे तेच एक वाकडं बाभळीचं झाड.

"हे झाड लय हिंडते," तुम्ही म्हणालात.

मी हसले, आणि मग वकिलासारखी म्हणाले, झाडाची साक्ष कोर्टात चालत नाही. तुम्ही म्हणालात, "मंग माणसाची घेऊ." तसे आपण त्या गावात गेलो. मी फाइल काढून कोणाची विहीर, केव्हा मंजूर, असे प्रश्न विचारत होते आणि लोक आपल्याकडे संशयाने बघत होते. तुम्ही मला गप्प केलंत. ओट्यावर तूर पाखडत बसलेल्या द्वारकाबाईंना एवढंच विचारलंत, "मावशी, यंदा विहिरीचं जेवण कोणाकोणाकडे झालं?"

विहिरीला पाणी लागलं की नारळ फुटतो, पाण्याला हळदकुंकू वाहतात, खोदणाऱ्यांसकट सगळ्या गावाला जेवण घालतात. हे मी लहानपणापासून जेवत आलेली बाई, पण तो प्रश्न मला सुचला नव्हता. द्वारकाबाई सूप खाली ठेवून म्हणाल्या, "कायचं जेवण बापा! विहीर खंदली असती तं जेवलो नसतो का? साऱ्या गावानं मिळून एक घास नाई खाल्ला." शेजारची म्हणाली, "कागदावरच्या विहिरीले कागदावरचाच वरणभात." सगळा ओटा हसला. परत येताना तुम्ही इतके खूश होता की मोटारसायकलवर गाणं म्हणत होता. मागे बसून मी विचार करत होते की या हसण्याची बातमी आपल्या आधी गावाबाहेर पोचली असेल.

पुढे ती तुमची रीतच झाली. लोक आधी माहिती अधिकाराचा अर्ज लिहितात, तुम्ही आधी जेवणाची चौकशी करायचात. जेवण झालं असेल तर ती विहीर यादीतून बाद, झालं नसेल तर तिचा फोटो तपासायला घ्यायचा. मग अर्ज: मोजमाप पुस्तिकेची प्रत, मूळ फोटो, कोणी काढला त्याचं नाव. मसुदा माझा, खाली सही तुमची. कायद्याने माहिती मागणाऱ्याला कारण विचारता येत नाही, हे मी तुम्हाला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. नाव आणि पत्ता मात्र द्यावा लागतो. काचेतून आपल्याला आतलं दिसतं तसे आतल्यांनाही आपण दिसतो, एवढं साधं माझ्या लक्षात यायला हवं होतं. अर्ज दिल्यावर दोनच दिवसांत विहिरींच्या ठेकेदाराचा माणूस तुमच्या दुकानात आला, मोबाईलला नवी काच बसवायला.

मी तिथेच बाकावर होते. तो फार गोड बोलत होता. "नीट बसवा हमीदभाई. लय नाजूक असते न हे. जराशीक पडली का खेळ खतम." तुम्ही काच बसवलीत, फडक्याने पुसलीत, पैसे घेतलेत आणि शुक्रिया म्हणालात. तो गेल्यावर मी म्हटलं, ही धमकी होती. तुम्ही म्हणालात, "गिऱ्हाईक होतं वकीलबाई. बोहणी झाली." मला तुमचा इतका राग आला की मी चहा न घेता निघाले.

त्यानंतर संकेतस्थळावरचे ते फोटो नाहीसे झाले. पान उघडायचं, नावं दिसायची, फोटोच्या जागी कोरी चौकट. तुम्ही आधीच स्क्रीनशॉट काढून ठेवले होते म्हणून बरं. मी सांगितलं, नुसता स्क्रीनशॉट चालणार नाही, तो कोणी काढला, कोणत्या यंत्रावर काढला, याचं प्रमाणपत्र ज्याने काढला त्यानेच द्यावं लागतं. मसुदा करून तुमच्या हातात दिला. तुम्ही म्हणालात, "देतो न सही, आत्ता कुठं पळून चाललो?" तुम्ही मरणार आहात हे तुमच्याही डोक्यात नव्हतं आणि माझ्याही.

आता त्याच गावातल्या वसंताच्या विहिरीबद्दल बोलायला हवं, कारण तिच्यावरूनच आपण शेवटचं भांडलो.

वसंताच्या विहिरीचं जेवण गावात कोणी जेवलं नव्हतं. तुमच्या रीतीप्रमाणे ती यादीत आली, आपण पंचायत समितीच्या कार्यालयात दिलेल्या तक्रारीतही गेली. चौकशीच्या नावाखाली कार्यालयाने सगळ्याच विहिरींची कामं थांबवली. आणि एक दिवस वसंता स्वतः दुकानात उभा राहिला. त्याची विहीर खरी होती. पाणी लागलं त्याच आठवड्यात त्याची आई गेली होती. सुतकात नारळ कसा फोडणार, आणि पुढे त्या अंगणात जेवणावळ घालायला त्याचं मन होईना. आपण दोघांनी त्याला विचारलंच नव्हतं, ओट्यावर विचारून मोकळे झालो होतो. बांधकाम थांबलं, पावसात एका बाजूची माती आत आली. तो ओरडलाही नाही. एवढंच म्हणाला, "हमीदभाई, माह्या मायच्या मरणाची तुम्ही चोरी लिहिली."

तुमचा चेहरा मी तेव्हा पाहिला. त्या ठेकेदाराच्या माणसासमोर तुमच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती, आणि वसंतासमोर तुम्ही बसल्या जागेवरून उठून उभे राहिलात. तुम्ही त्याच दिवशी त्याच्या शेतात जाऊन विहिरीचा फोटो काढून आणलात आणि मला म्हणालात, लिहा, वसंताचं नाव चुकून आलं, त्याची विहीर खरी आहे, त्याला सोडा. मी म्हटलं, असं लिहून दिलं तर ते म्हणतील एक नाव खोटं तर सगळीच खोटी, आणि तक्रार कचऱ्यात जाईल. कार्यालयाने माहिती दिली नाही म्हणून अमरावतीच्या माहिती आयोगात केलेल्या आपल्या दुसऱ्या अपिलाची सुनावणी होऊ द्या, मग बघू.

"आपली चूक आपण सांगतली तं बाकीचं खोटं कसं होते?"

"कोर्टात होतं, हमीदभाई. तुम्हाला कोर्ट माहीत नाही."

"आन् तुमाले वसंता माहीत नाई."

हे आपलं शेवटचं बोलणं. त्या शनिवारी तुम्ही मला दुकानाच्या पायरीपर्यंत सोडायला आला नाहीत. सोमवारी तुम्ही नव्हता. कितीतरी वेळा मी मनातल्या मनात त्या पायरीवर परत जाते आणि काहीतरी बोलते, कधी चिडून, कधी नीट. तुम्ही ऐकून घेता आणि खर्ऱ्याची पुडी खिशात लपवता.

तुमच्या घरी लोक भेटायला येत होते तेव्हा तोही आला, खुद्द ठेकेदार. पांढरा शर्ट, हातात रुमाल. पुढच्या खोलीत पुरुषांमध्ये बसला, दुआ होईपर्यंत मान खाली घालून होता, चहा प्यायला. पडद्याकडे तोंड करून म्हणाला, "भाभी, काही लागलं तं सांगजा. आपलंच घर हाय." मी दारात चपला घालत होते. माझ्याजवळ थांबून म्हणाला, "वकीलबाई, लय धावपळ केली तुम्ही दोघांनी. आता तुमीबी आराम करा." शिवी नाही, धमकी नाही, त्याच्या डोळ्यांत तर पाणी असल्यासारखं वाटलं. मला त्याच्या सभ्यपणाची जितकी भीती वाटली तितकी कशाचीच वाटली नव्हती. घरी येऊन मी कडी लावली आणि पुन्हा उठून ती लागली का ते बघितलं.

आठवड्याभरात अमरावतीच्या सुनावणीची नोटीस आली, तुमच्या नावावर. मी आमच्या जुन्या वकीलसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, अपील करणाराच नाही म्हटल्यावर प्रकरण तिथेच बंद होण्याचा संभव जास्त. भरवसा ठेवू नका, कोणीतरी नव्या नावाने पहिल्यापासून अर्ज करा. आणि तुमच्या सहीचं ते प्रमाणपत्र नसल्यामुळे स्क्रीनशॉटचा जोर गेला होता, म्हणजे कार्यालयाच्या शिक्क्याच्या प्रती मिळवणं आता जास्तच गरजेचं. सगळं येऊन एका रकान्यावर अडलं: अर्जदाराचं नाव. गावातल्या ज्यांच्या नावावर विहिरी खाल्ल्या गेल्या त्यांना विचारलं. एकाने लेकीचं लग्न सांगितलं, एकाने पाठीचं दुखणं. द्वारकाबाई माझा हात धरून म्हणाल्या, "बाई, हमीदभाईचं पाह्यलं न आपण." मी म्हटलं, मावशी, तो अटॅक होता. त्या म्हणाल्या, "हो, अटॅकच होता," आणि हात सोडला.

मग उरले मी. आणि मी काय केलं सांगू? काहीच नाही. सुनावण्या आहेत, तारखा आहेत, असं स्वतःला सांगत राहिले. माझं नाव, माझा पत्ता, माझी पोरगी ज्या रस्त्याने क्लासला जाते तो रस्ता.

फरीदा भाभी इद्दतमध्ये आहेत, म्हणजे नवरा गेल्यावर पाळायचे ते चार महिने दहा दिवस त्यांना घराबाहेर पडायचं नाही. मी बाईमाणूस, त्यामुळे मला आत जाता येतं. त्या दिवशी गेले तेव्हा त्या तुमचे शर्ट घडी करून पेटीत ठेवत होत्या. मी नावाची अडचण सांगितली, सांगायचं नव्हतं तरी सांगितली. त्या घडी घालता घालताच म्हणाल्या, "माहं नाव टाका."

मी नाही म्हटलं. तुमच्या घरात पुरुष माणूस नाही, लहान मुलगी आहे, काय-काय होऊ शकतं ते वकिली भाषेत समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आमचं घर तं त्याहीले माहीतच हाय. तुमचं कायले नवीन दाखवता?"

हमीदभाई, मला सुटल्यासारखं वाटलं. तिथल्या तिथे, त्या बाईसमोर, छातीवरचा दगड उतरल्यासारखं. आणि मग मला माझीच इतकी भीती वाटली, जितकी ठेकेदाराचीही वाटली नव्हती. ही बाई नवऱ्याचे शर्ट आवरता आवरता मला वाचवत होती आणि मी वाचायला तयार होते.

निघताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. अर्ज दिल्याच्या दिवशी तुम्ही जेवत नव्हतात म्हणे. ताट समोर घेऊन बसायचात आणि पोट बिघडलं म्हणून उठायचात. तो माणूस काच बसवून गेला त्या दिवशी घरी येऊन तुम्हाला उलटी झाली होती. "वकीलबाईले सांगू नोको, म्हणत. थ्या भेतीन." मी तुमच्या धीरावर एवढी वर्षं चिडत आले, आणि तुम्ही माझ्याइतकेच भित्रे होता. हे आधी सांगितलं असतंत तर आपण दोघं बसून नीट घाबरलो असतो. एकट्याने घाबरायला फार जड जातं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोर्टातल्या वकिलांच्या बार रूममध्ये बसून ऑनलाइन अर्ज भरला. माझ्या नावाने, माझ्या पत्त्याने. वसंताची विहीर त्यात घातली नाही. त्याच्यासाठी वेगळा कागद कार्यालयात देऊन पोच घेतली: ही विहीर खरी आहे, तक्रारीत चुकून आली, तिचं काम अडवू नये. तुम्ही जिंकलात. आता तिकडे फार मिरवू नका.

दुपारी भाभींना सांगायला गेले. वाटलं होतं रडतील, नाहीतर रागावतील. त्यांनी उशाखालून तुमचा मोबाईल काढून मला संदेश दाखवला. त्यांचा अर्ज आदल्या दिवशीच गेला होता. गर्दीच्या दिवसांत दुकानात बसून अर्ज भरायला त्या तुमच्याकडूनच शिकलेल्या. मी म्हटलं, भाभी, अहो, इद्दत! त्या म्हणाल्या, "बाहेर कुठं गेली मी? इथंच तं बसून हाय." संपर्क क्रमांक तुमचाच दिलेला.

मी त्यांना रागावणार होते. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात तो फोन वाजला. नाव नव्हतं, नुसता आकडा. कार्यालयाची माणसं असा फोन करत नाहीत, ती टपालाने कळवतात. मी मानेने नको नको म्हटलं. भाभींनी डोक्यावरची ओढणी सारखी केली, एका हाताने माझा हात धरला आणि फोन स्पीकरवर टाकला.

"हा नंबर कोणाचा हाय?" पुरुषाचा आवाज, अगदी सभ्य.

"माह्या घरच्याइचा," भाभी म्हणाल्या. "त्याहीच्याशी काई बोलाचं होतं का?"

पलीकडच्याने फोन ठेवला नाही. नुसता श्वास ऐकू येत होता.

"बोला न," भाभी म्हणाल्या. "मी ऐकून राह्यली."

आवाज त्यांचा एकदम सरळ होता, हमीदभाई. पण माझा हात त्यांनी इतका घट्ट धरला होता की माझ्या बांगड्या मनगटात रुतत होत्या.